जुनें यंत्र आणि नवी आवृत्ति

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण संसाराइतकीच घरगुती संगणकालाहि लागू पडते. आज्ञावलीची नवी आवृत्ति निघाली कीं ती जुनीहून सरस असणार, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु ज्याच्या घरीं दहा वर्षांचें यंत्र आहे, त्याच्यापुढील प्रश्न निराळा असतो. आपल्या यंत्राला समजेल अशी शेवटची आवृत्ति कोणती, हें त्याला ठरवावयाचें असतें. या प्रश्नाचा इतिहास 'अ‍ॅपल टू' या अमेरिकन संगणकाच्या चरित्रांत फार स्पष्ट दिसतो.

हें यंत्र १९७७ सालीं बाजारांत आलें. त्याची रचना मुख्यत्वेंकरून स्टीव्ह वॉझ्नियाक यांची. '६५०२' हा प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू. आणि स्मृति मूळ रूपांत अवघी ४ किलोबाइट. ती ४८ किलोबाइटपर्यंत वाढवितां येई. १९७९ सालीं 'व्हिसिकॅल्क' ही हिशेबाचीं कोष्टकें मांडणारी आज्ञावली निघाली. तिच्यासाठींच अनेकांनीं हें यंत्र विकत घेतलें. परंतु तिला ३२ किलोबाइट स्मृति लागे. म्हणजे दोनच वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेलें लहान स्मृतीचें यंत्र तिच्यापुढें अपुरें ठरलें.

पुढची अडचण तबकडीची. तबकडीवर ३५ वर्तुळाकार मार्ग असत आणि प्रत्येक मार्गाचे आरंभीं १३ भाग पाडलेले असत. १९८० सालच्या 'डॉस ३.३' या कार्यप्रणालीनें तेच मार्ग १६ भागांत विभागले, आणि सुमारें ११४ ऐवजीं १४० किलोबाइट मजकूर त्याच तबकडीवर मावूं लागला. लाभ उघड होता. पण त्यासाठीं तबकडी चालविणाऱ्या पट्टीवरील चिप्स बदलाव्या लागत. आणि त्या बदलल्या कीं जुन्या पद्धतीच्या तबकडीनें यंत्र सरळ सुरू होत नसे. म्हणून नव्या प्रणालीबरोबर 'मफिन' नांवाची एक लहानशी आज्ञावली देण्यांत आली. जुन्या तबकडीवरील मजकूर नव्या तबकडीवर उतरवून देणें, एवढेंच तिचें काम. घरचा जमाखर्च, पत्रें, मुलांचे निबंध ज्या तबकड्यांवर आहेत, त्यांची वाट लावून दिल्यावांचून नवी आवृत्ति घेणें म्हणजे नव्या घरीं जातांना कागदपत्रांची पेटी जुन्या घरांत विसरणें होय.

१९८४ सालीं 'प्रोडॉस' आली. ती अधिक वेगवान होती, मोठ्या तबकड्या हाताळीत असे, आणि कपाटांत कप्पे असावेत तशी मजकुराची व्यवस्था तिच्यांत लावतां येई. तिचा पूर्ण उपयोग करण्यास मात्र ६४ किलोबाइट स्मृति हवी होती. ज्यांच्याजवळ ४८ किलोबाइटचें यंत्र होतें, त्यांना आणखी १६ किलोबाइटची पट्टी बसविणें भाग पडलें.

येथवर पैसा खर्च करून मार्ग निघत असे. खरा पेंच मेंदूच्या बदलानें उत्पन्न झाला. १९८५ सालीं 'टू-ई' या प्रकाराची सुधारलेली आवृत्ति निघाली. तींत '६५सी०२' हा नवा प्रोसेसर होता आणि त्याला कांहीं नव्या आज्ञा समजत. बाहेरून दोन्ही यंत्रें जवळजवळ एकसारखींच! सुरू करतांना पडद्यावर जें नांव उमटे, त्याच्या लिहिण्याच्या ढबीवरून जाणत्याला भेद कळे. जुन्या टू-ई यंत्रांत चार चिप्स बदलून तें सुधारतां येई; परंतु त्याहून जुन्या यंत्रांना ती सोय नव्हती. पुढें प्रोडॉसच्या २.० मालिकेंत या नव्या आज्ञांचा उपयोग करण्यांत आला. जो मेंदू त्या आज्ञा जाणत नाहीं, त्याच्यापुढें त्या ठेवणें म्हणजे मोडी न येणाऱ्यापुढें मोडींतील दप्तर उघडणें. अशा यंत्रांसाठीं १९९० सालची १.९ हीच शेवटची आवृत्ति राहिली. २.०.३ ही आवृत्ति १९९३ सालीं निघाली, आणि त्याच वर्षीं टू-ईचें उत्पादनहि थांबलें.

तेव्हां ज्या कुटुंबानें १.९ वरच समाधान मानलें, तें मागासलेलें होतें काय? मुळींच नाहीं. दोन तबकड्या, एक छापयंत्र आणि घरचा हिशेब एवढ्यासाठीं ती पुरेशी होती. उलट, केवळ आंकडा मोठा म्हणून २.० आणणाऱ्याचें चालतें यंत्र अडून बसलें असतें.

या कथेचा शेवट मात्र अनपेक्षित आहे. २०१६ सालच्या सप्टेंबरांत जॉन ब्रूक्स या आज्ञावलीकारानें प्रोडॉसची २.४ ही आवृत्ति प्रसिद्ध केली. २.० मालिकेनें वगळलेलीं ६५०२ चीं यंत्रें तिनें पुन्हां सामावून घेतलीं. अट एवढीच, कीं स्मृति ६४ किलोबाइट असावी. कारखाना बंद होऊन तेवीस वर्षें लोटलीं असतां, जुन्या यंत्रांना नव्या आवृत्तीचें दार उघडलें तें असें.

यंत्राच्या मर्यादा खऱ्या असतात; मेंदू, स्मृति आणि तबकडी यांची विचारपूस केल्यावांचून आवृत्ति निवडूं नये. परंतु कोणतें यंत्र मागें टाकावें, हें प्रत्येक वेळीं यंत्रच ठरवितें असें नाहीं. पुष्कळदां तें माणसानें ठरविलेलें असतें, आणि माणूस तें बदलूंहि शकतो.