‘द हडसकर प्रॉक्सी’ : कौतुक आणि कुरकुर

कोएन बंधूंच्या ‘बार्टन फिंक’ला १९९१ सालीं कान महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें, तेव्हां पुढील चित्रपटाविषयीं रसिकांच्या अपेक्षा उंचावल्या, हें ओघानेंच आलें. १९९४ सालीं आला ‘द हडसकर प्रॉक्सी’. शेअरांचा भाव पाडण्यासाठीं एका भोळ्या तरुणास कंपनीचा अध्यक्ष करतात, आणि तो कागदावर नुसतें वर्तुळ काढून दाखवितो! तें हुला हूप. (खेळणें खरें, १९५८ सालीं कॅलिफोर्नियांतील व्हॅम-ओ कंपनीनें त्याचें वेड अमेरिकेला लावलें.)

भव्य नेपथ्याची वाखाणणी झाली. परंतु काप्रा व स्टर्जेस यांच्या जुन्या विनोदी बोलपटांचा हा देखणा सांगाडा, त्यांत काळीज नाहीं, असा पुष्कळांचा आक्षेप. तो निराधार नव्हे. नायक मरणाच्या दारीं उभा असतां आपली दृष्टि घड्याळाच्या चक्रांवरच खिळते. तथापि कंटाळलेला दुकानदार तीं वलयें गल्लींत फेकतो, त्यांतलें एक घरंगळत एका मुलापाशीं जातें, आणि क्षणांत शाळेचीं सारीं पोरें धांवत सुटतात, तो प्रसंग पाहून काळजाची उणीव कोणास आठवावी?

खर्च सुमारें अडीच कोटी डॉलर. अमेरिकेंतील उत्पन्न ३० लक्षांच्या आंतच. बंधूंनीं १९९६ सालचा ‘फार्गो’ सुमारें ७० लक्षांत उरकला.