संचालकाचे घर आणि निबंधकाचे दप्तर

कंपनी हा कायद्याने निर्माण केलेला माणूस आहे. त्याला मालमत्ता घेता येते, कर्ज काढता येते, न्यायालयात दावा लावता येतो. परंतु त्याने पैसे बुडविले तर शोधायचे कोणाला आणि कुठे, हा प्रश्न कंपन्यांइतकाच जुना आहे. संचालकाच्या घराचा पत्ता सरकारी दप्तरात आला तो याच प्रश्नातून.

इंग्लंडमध्ये बनावट कंपन्या काढून लोकांना लुबाडण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १८४४ साली, ग्लॅडस्टन व्यापार मंडळाचे अध्यक्ष असताना, संयुक्त भांडवली कंपन्यांचा कायदा झाला. निबंधकाचे कार्यालय उघडले. कंपनी काढणाऱ्याने आपले नाव, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण तिथे नोंदवावे व ती नोंद कोणालाही पाहता यावी, असे ठरले. हिंदुस्थानात १८५० च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील तत्कालीन सर्वोच्च न्यायालयांकडे कंपन्यांची नोंदणी सुरू झाली. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आणले. यापुढे कंपनी बुडाली तरी भागधारकाचे घरदार जाणार नव्हते. या सवलतीच्या बदल्यात समाजाने मागितली ती पारदर्शकता. ती का हवी, हे मुंबईने लवकरच अनुभवले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि तेजीच्या काळात उगवलेल्या कित्येक कंपन्या बुडाल्या.

स्वतंत्र भारताच्या १९५६ च्या कंपनी कायद्याने हीच परंपरा पुढे नेली. कलम ३०३ नुसार संचालकांच्या नोंदवहीत प्रत्येकाचा नेहमीचा राहण्याचा पत्ता लिहावा लागे. कलम ६१० नुसार निबंधकाकडील कागद शुल्क भरून कोणालाही तपासता येत.

कायद्याने दप्तर असे सर्वांसाठी खुले होते. पण ज्या वाचकांनी सरकारी कचेरीतून एखादी जुनी नक्कल मिळविली असेल, त्यांना या खुलेपणाचा अर्थ ठाऊक आहे. प्रवास करायचा, अर्ज लिहायचा, शुल्क भरायचे आणि लिपिकाने गठ्ठा सोडेपर्यंत थांबायचे. ज्याचे पैसे अडकले आहेत तो एवढे कष्ट घेई. केवळ कुतूहल किंवा राग असलेला माणूस बहुधा घेत नसे. दप्तराला कायद्याचे कुलूप नव्हते, श्रमाचे होते. ते कोणी मुद्दाम लावले नव्हते, म्हणून ते निघाले तेव्हाही कोणाच्या लक्षात आले नाही.

ते निघाले २००६ साली. ‘एमसीए २१’ या प्रकल्पाने कंपन्यांचे दप्तर संगणकावर आणले. प्रशासनाच्या दृष्टीने हे मोठेच काम होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र कागदासाठी आखलेला नियम तसाच पडद्यावर आला. २०१३ च्या कायद्यात कलम ३९९ ने निबंधकाकडील कागद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाहण्याची मुभा दिली आणि २०१४ च्या नियमांत त्याचे शुल्क १०० रुपये ठरले. संचालकाच्या संमतिपत्रावर पत्ता असतो, कंपनीच्या घटनापत्रावर सही करणाऱ्या संस्थापकाचाही असतो. इंदूर, बडोदे वा बंगळुरू येथे छोटी कंपनी काढणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तिथे लिहिलेला पत्ता म्हणजे गावी आईवडील राहतात ते घर असते. व्यवहारातून दुखावलेला अनोळखी माणूस उद्या त्या दारात उभा राहू शकतो. हे लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा आलेले नसते.

ब्रिटनला हा धोका आधी कळला. प्राण्यांवरील प्रयोगांमुळे वादात सापडलेल्या हंटिंगडन लाइफ सायन्सेस या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांवर २००१ साली त्यांच्या घराबाहेर हल्ला झाला. धोका सिद्ध करणाऱ्या संचालकाचा पत्ता गुप्त ठेवण्याची सोय २००२ पासून सुरू झाली. १ ऑक्टोबर २००९ पासून ती सर्वांनाच मिळाली. जाहीर नोंदीत केवळ बजावणीचा पत्ता राहतो. घराचा पत्ता निबंधकाकडे सुरक्षित असतो आणि ठरावीक सरकारी यंत्रणा, पतमापन संस्था वा न्यायालय यांनाच मिळतो. बजावणीच्या पत्त्यावर पाठविलेली पत्रे पोहोचत नसतील, तर निबंधक घराचा पत्ता उघड करू शकतो. सवलत आहे, पण सशर्त आहे.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२२ साली नियम बदलून कंपनीच्या भागधारकांचे पत्ते तपासणीतून वगळण्यात आले. संचालकांविषयी त्या दुरुस्तीत काही नव्हते. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही इथे कामी येत नाही, कारण जी माहिती जाहीर करणे अन्य कायद्याने बंधनकारक आहे ती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

याची दुसरी बाजूही खरी आहे. २०१७ साली निष्क्रिय म्हणून दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली गेली. कोट्यवधींची उलाढाल दाखविणाऱ्या कंपनीचा नामधारी संचालक एका खोलीच्या घरात राहतो, हे पत्रकार शोधून काढतो तेव्हा त्याला हाच पत्ता उपयोगी पडतो. म्हणून दप्तर बंद करणे हा उपाय नव्हे. संचालकाचे नाव, त्याचा ओळख क्रमांक आणि तो आणखी कोणत्या कंपन्यांत आहे, हे जगापुढे राहिलेच पाहिजे. त्याला नोटीस बजावता आली पाहिजे. मात्र तो रात्री कुठे झोपतो, हे निबंधकाने जाणावे, मागणाऱ्याने कारण सांगून मिळवावे आणि त्या मागणीची नोंद राहावी.

१८४४ च्या कायद्याला सावकाराची सोय करायची होती, आणि ती आजही व्हायला हवी. दप्तर संगणकावर चढविताना पाने मोजली जातात. प्रत्येक रकाना मुळात कशासाठी आखला होता, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. कारण एकदा पसरलेला पत्ता परत गोळा करता येत नाही, आणि घर बदलणे सर्वांना परवडत नाही.