दक्षिणामूर्तीची अक्षमाला

शिवमूर्तीच्या हातात माळ दिसताच तिला ‘रुद्राक्षमाला’ म्हणण्याचा प्रघात मूर्तिवर्णनांत रूढ आहे. रुद्राक्षाची उत्पत्ती शिवाच्या अश्रूंपासून झाल्याची पुराणकथा सर्वपरिचित असल्यामुळे हे नामकरण स्वाभाविक वाटते. दक्षिणामूर्तीच्या बाबतीत मात्र ते निर्विवाद मानता येत नाही.

दक्षिणामूर्ती म्हणजे गुरुरूपातील शिव होय. तमिळ प्रदेशातील चोलकालीन मंदिरांत गर्भगृहाच्या दक्षिण भिंतीवरील देवकोष्ठात ही मूर्ती आढळते. टी. ए. गोपीनाथ राव यांनी हिंदू मूर्तिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात (१९१४–१६) तिचे व्याख्यान, ज्ञान, योग व वीणाधर असे चार प्रकार वर्णिले आहेत. व्याख्यानमूर्तीत वटवृक्षाखाली बसलेल्या चतुर्भुज देवाच्या पायाखाली अज्ञानाचे प्रतीक असा अपस्मारपुरुष असतो. पुढील उजवा हात उपदेशाच्या मुद्रेत, मागील उजव्या हातात अक्षमाला आणि मागील डाव्या हातात अग्नी किंवा सर्प, अशी ही रचना आहे.

या अक्षमालेचा अर्थ ग्रंथांत एकच नाही. विष्णुधर्मोत्तरात ब्रह्मदेवाच्या हातातील अक्षमाला कालाचे प्रतीक मानली आहे. अक्षमालिकोपनिषदात तिचे मणी म्हणजे ‘अ’पासून ‘क्ष’पर्यंतची अक्षरे होत. ‘अक्ष’ या शब्दातच वर्णमालेचे आद्यंत सामावलेले आहेत. याच उपनिषदात पोवळे, मोती, स्फटिक, शंख, रुपे, सोने, चंदन, पुत्रजीविका, कमळबीज व रुद्राक्ष असे मण्यांचे दहा प्रकार दिले आहेत. म्हणजे रुद्राक्ष हे अक्षमालेच्या अनेक द्रव्यांपैकी केवळ एक ठरते.

परंपरेनुसार दक्षिणामूर्ती मौनानेच शिष्यांचा संशय दूर करतो. वर्णमातृकेचा अर्थ येथे स्वीकारल्यास मूर्तीची रचना अधिक सुसंगत होते : मुख मौन आहे, सर्व वाणी मात्र मण्यांच्या रूपाने हातात सामावली आहे; आणि त्या वाणीचा आशय पुढील हाताची मुद्रा प्रकट करते.

रुद्राक्षजाबालोपनिषदासारख्या ग्रंथांतून दिसणारे शैव उपासनेतील रुद्राक्षाचे माहात्म्य याने कमी होत नाही. मात्र मण्यांवर मुखरेषा कोरलेल्या नसतील, तर केवळ पाषाणावरून त्यांचे द्रव्य निश्चित करता येत नाही. अशा वेळी ‘रुद्राक्षमाला’ हे नाव मूर्तीत नसलेला तपशील तिच्यावर लादते, आणि वाणीच्या आचार्याला केवळ तपस्व्याच्या रूपात पाहावयास लावते. म्हणून ‘अक्षमाला’ हीच संज्ञा वर्णनात कायम ठेवणे शास्त्रशुद्ध ठरेल.