पान आपल्या नावाचं



कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीला एक काम हमखास मिळतं, ते म्हणजे स्वतःची वेबसाइट तयार करून आणायची. मग ती रात्री उशिरापर्यंत बसून रंग बदलत राहते, अक्षरं लहानमोठी करते, फोटो कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सरकवते. घरातली मंडळी विचारतात, ‘व्हॉट्सॲप आहे, इन्स्टाग्राम आहे, मग हे आणखी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला तीस-पस्तीस वर्षं मागे जावं लागेल.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा शहराजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. अणूच्या आतल्या कणांचा अभ्यास करायला तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत. प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, कागदपत्रं ठेवायची रीत वेगळी. त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला सापडत नसे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसानं मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांपुढे एक योजना ठेवली. सगळी कागदपत्रं दुव्यांनी एकमेकांना जोडायची. एक शब्द निवडला की त्याच्याशी संबंधित पान समोर यायला हवं. १९९० संपता संपता त्यांनी हे चालवूनही दाखवलं. पान लिहिण्यासाठी त्यांनी साध्या खुणांची एक भाषा केली, ती एचटीएमएल. ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘हा दुवा’ एवढंच ती सांगते. पान उघडून दाखवतो तो ब्राउझर. बर्नर्स-ली यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येई, तसंच लिहिताही येई. हे लक्षात ठेवा, कारण पुढे इथेच गाडी अडली.

तो ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या कॉम्प्युटरवरच चालत असे आणि तसले कॉम्प्युटर फार थोड्यांकडे होते. त्या वेळी निकोला पेलो ही गणित शिकणारी इंग्लंडमधली विद्यार्थिनी सर्नमध्ये उमेदवारीला आली होती. तिनं अगदी साध्या कॉम्प्युटरवरही चालेल असा ब्राउझर लिहिला. त्यात माउस नाही, चित्रं नाहीत, रंग नाहीत. प्रत्येक दुव्याला एक आकडा दिलेला. तो टाइप केला की पुढचं पान उघडायचं. दिसायला ओकंबोकं, पण त्यामुळेच वेब प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर पडू शकलं. ऑगस्ट १९९१ मध्ये बर्नर्स-ली यांनी आपल्या कामाची जाहीर माहिती दिली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं ही सगळी विद्या जगाला मोफत खुली केली.

या प्रवासात एक गोष्ट मात्र मागे राहिली. पेलोचा ब्राउझर फक्त वाचण्यापुरता होता, आणि पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले तेही वाचण्याचेच. पान लिहायचं तर एचटीएमएल शिकणं भाग पडलं. म्हणजे वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे, अशी विभागणी तिथेच सुरू झाली. आपली मुलगी वेबसाइट करायला शिकते तेव्हा ती या दुसऱ्या, थोड्यांच्या बाजूला जात असते.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझेक नावाचा ब्राउझर तयार झाला. त्यात मजकुराच्या मधोमध चित्र दिसू लागलं आणि लोकांची उत्सुकता वाढली. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर थोडी जागा मिळत असे, तिथे ते स्वतःची पानं मांडू लागले. पेन्सिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचा जस्टिन हॉल हा विद्यार्थी त्यांतलाच. जानेवारी १९९४ मध्ये त्यानं आपलं पान सुरू केलं आणि पुढे अनेक वर्षं त्यावर स्वतःच्या आयुष्याबद्दल मोकळेपणानं लिहिलं.

ही मुलं शिकली कुठून? शाळा नव्हती, शिकवण्या नव्हत्या. पण वेबची एक मोठी उदार रीत होती, आजही आहे. कुठलंही पान उघडा आणि ब्राउझरला सांगा, ‘याच्या मागचं लिखाण दाखव.’ तो दाखवतो. सुंदर गोधडी दिसली की आपण ती उलटी करून टाके बघतो ना, तसंच. दुसरीचे टाके बघायचे, आपल्या कापडावर घालून बघायचे, चुकले तर उसवायचे. एका पिढीनं वेबसाइट करायची विद्या अशीच उचलली.

याच काळात अमेरिकेत जिओसिटीज नावाची सेवा सुरू झाली. तिथे कुणालाही पानासाठी फुकट जागा मिळे. त्यांनी जागेच्या वस्त्या पाडल्या होत्या. घरसंसाराबद्दल लिहिणाऱ्यांची हार्टलँड, विज्ञानकथांच्या वेड्यांची एरिया फिफ्टीवन, स्त्रियांची वेलस्ली. पानाच्या पत्त्यात वस्तीचं नाव आणि घर नंबर असे. गृहिणी, निवृत्त माणसं, शाळकरी मुलं तिथे राहायला आली. कुणी पाककृती लिहिल्या, कुणी घराण्याची वंशावळ मांडली, कुणी गेलेल्या बाळाची आठवण जपली.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या लिसा नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं मुलांना एचटीएमएल समजावणारी वेबसाइट काढली. तिचं नावच ‘लिसा सगळं समजावते’ अशा अर्थाचं होतं. हजारो मुलींनी आपलं पहिलं पान तिच्याकडून शिकून केलं.

तेव्हाची सजावट आज पाहिली तर हसू येतं. लुकलुकणारी अक्षरं, चांदण्यांची पार्श्वभूमी, ‘काम चालू आहे’ अशी फावडं मारणारी चित्रं. पण खरी अडचण वेगळी होती. रंग आणि आकार मजकुरातच मिसळून लिहावे लागत. पन्नास पानं असली आणि शीर्षकाचा रंग बदलायचा म्हटला, तर प्रत्येक पान उघडून बदलायचं. मांडणी साधायला लोक आकडेवारीचे तक्ते वापरत. तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता, आणि जागा भरायला न दिसणारी चित्रं.

यावर तोडगा निघाला तो पुन्हा सर्नमध्येच. होकून विउम ली हा नॉर्वेचा तरुण तिथे काम करत होता. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यानं सुचवलं की मजकूर एका जागी ठेवा आणि तो कसा दिसावा याचे नियम दुसऱ्या जागी. नेदरलँड्सचा बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला. दोघांच्या कामातून सीएसएस तयार झालं आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी त्याला वेबच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. आता ‘सगळी शीर्षकं जांभळी’ असं एकदाच लिहायचं; पन्नासच्या पन्नास पानं बदलतात. बाई तीच, साडी निराळी.

ली यांच्या मूळ सूचनेत आणखी एक विचार होता, तो मला फार मोलाचा वाटतो. पान कसं दिसावं हे एकट्या लिहिणाऱ्यानं ठरवायचं नाही. वाचणाऱ्याचीही इच्छा धरायची. एखादीचे डोळे अधू असतील तर तिला अक्षर मोठं करता यायला हवं. लिहिणारीची आवड, वाचणारीची गरज आणि ब्राउझरची स्वतःची रीत, या तिन्ही एकीखाली एक अशा धबधब्यासारख्या उतरतात, आणि त्यांतून पान ठरतं. सीएसएसच्या नावातला पहिला शब्द, कॅस्केडिंग, या धबधब्यावरूनच आला.

तरी लोकांना हे पटायला वेळ लागला. निरनिराळे ब्राउझर तेच नियम निरनिराळे पाळत. मे २००३ मध्ये कॅनडाच्या डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन नावाची वेबसाइट काढली. मजकूर एकच, त्याचा शब्दही बदलायचा नाही. कुणीही फक्त सजावटीचे नियम लिहून पाठवायचे. तेच पान एकदा बाग दिसे, एकदा जुनं पोस्टर, एकदा समुद्राचा तळ. सजावटीची ताकद लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी मोबाईलच्या चिंचोळ्या पडद्यावर पान आपोआप जुळवून घ्यायची रीत मांडली. आज आपण बहुतेकजणी मोबाईलवरच वाचतो, त्यामागे ही रीत आहे.

या नियमांत रंगांना नावंही आहेत. त्यांत एक जांभळा आहे, रेबेका पर्पल. एरिक मेयर यांनी आयुष्यभर लोकांना सीएसएस शिकवलं. २०१४ मध्ये त्यांची लेक रेबेका सहाव्या वाढदिवशीच कॅन्सरनं गेली. तिचा आवडता रंग जांभळा. जगभरच्या वेबसाइट करणाऱ्यांनी त्या छटेला तिचं नाव दिलं आणि ते मानकात कायमचं गेलं.

आता आपल्या मराठीकडे येऊ. सुरुवातीची वर्षं मराठी पान म्हणजे डोकेदुखी होती. प्रत्येक वेबसाइटचा फॉन्ट वेगळा. तो आपल्या कॉम्प्युटरवर नसला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. युनिकोड या जागतिक व्यवस्थेनं प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक दिला. त्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण घरोघरच्या कॉम्प्युटरवर ती उतरायला दहा वर्षं लागली. विंडोजबरोबर जो मंगल फॉन्ट आला, त्याची अक्षरं आपल्या प्राध्यापक र. कृ. जोशींनी घडवली होती. मराठीतला हा कवी आणि सुलेखनकार. लाखो लोकांनी कॉम्प्युटरवरचं पहिलं मराठी त्यांच्या अक्षरांत वाचलं. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. आता तर फॉन्ट पानाबरोबरच पाठवता येतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता, बालू, मोदक असे फॉन्ट मोफत मिळतात. यात्रा हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे.

मात्र इंग्रजीसाठी लिहिलेले सजावटीचे नियम मराठीला जसेच्या तसे चालत नाहीत. इंग्रजी अक्षरांत अंतर वाढवलं की पान ऐसपैस दिसतं. मराठीत तसं केलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे अशी खूण लिहायला विसरू नये. ती असली की काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दाखवतात, आणि अंध व्यक्तींसाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला कुठल्या भाषेत वाचायचं ते कळतं. या गोष्टी मुलीला सांगा. पाठ्यपुस्तकात असतीलच असं नाही.

आता जिओसिटीजचं काय झालं ते ऐका. १९९९ मध्ये याहू या कंपनीनं साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किंमत मोजून ती विकत घेतली. पुढे लोकांची ये-जा कमी झाली, फायदा दिसेना. २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतली जिओसिटीज बंद झाली. लाखो लोकांची पानं, पाककृती, वंशावळी, बाळांच्या आठवणी एका दिवसात दिसेनाशा झाल्या. जुनी पानं जपणाऱ्या काही मंडळींनी आधीपासून धावपळ करून पुष्कळ पानं उतरवून घेतली, म्हणून ती आज पाहायला मिळतात. सगळी नाही वाचली.

ज्यांनी घर सजवलं, त्यांच्या नावावर जमीन नव्हती. याचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. आयुष्यभर शेतात राबूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. इन्स्टाग्रामवर आपण लिहितो तेव्हा रंग त्यांचा, रचना त्यांची, कुणाला काय दाखवायचं तेही त्यांच्या हातात. उद्या त्यांनी नियम बदलले तर आपल्याला विचारणार नाहीत.

स्वतःची वेबसाइट म्हणजे अगदी सातबारा झाला असं नाही. नावाचा पत्ता दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो, जागाही भाड्याची किंवा कुणीतरी फुकट दिलेली असते. पण घरातलं सामान आपलं असतं. एचटीएमएल आणि सीएसएस म्हणजे साधा लिहिलेला मजकूर. फोल्डर उचलायचं आणि दुसरीकडे मांडायचं. पान जसंच्या तसं उभं राहतं. सर्ननं २०१३ मध्ये जगातली पहिली वेबसाइट पुन्हा तिच्या मूळ पत्त्यावर लावली. ती साधी पानं आजच्या मोबाईलवरही नीट उघडतात.

तेव्हा मुलगी वेबसाइट करत असेल तर तिला करू द्या, आणि चार गोष्टी सांगा. सजावटीआधी काय लिहायचं ते ठरव. पान आजीच्या मोबाईलवर उघडून बघ, तिला वाचता येतंय का. घरचा पत्ता, फोन नंबर, लहान भावंडांचे फोटो त्यावर टाकू नकोस. आणि सगळ्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घरी ठेव, जिथे आपण महत्त्वाचे कागद ठेवतो तिथेच.