पापण्यांची निगा: बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यातील वाटचाल

पापण्यांच्या कडांना खाज सुटणे, कडा लाल होऊन सुजणे आणि सकाळी केसांच्या मुळाशी चिपडे घट्ट धरलेली असणे ही पापण्यांच्या दाहाची लक्षणे. या दाहाचे दोन प्रकार इतिहासात महत्त्वाचे ठरले. पहिला खुपऱ्यांचा. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जंतूमुळे पापणीच्या आतल्या अस्तरावर खरखरीत दाणे उठतात. संसर्ग वर्षानुवर्षे होत राहिला तर अस्तर आक्रसते, पापणी आत वळते, केस बुबुळावर घासू लागतात आणि दृष्टी जाते. दुसरा प्रकार पापणीच्या कडेचा, म्हणजे ब्लेफरायटिस. तो सहसा दुसऱ्याला लागत नाही आणि त्याने आंधळेपणही सहसा येत नाही, मात्र एकदा जडला की तो उलटत राहतो. रांजणवाडी पुन्हा पुन्हा उठण्यामागे बहुधा हाच विकार असतो. दोन्ही प्रकारांत रोजच्या स्वच्छतेचे महत्त्व मोठे आहे आणि स्वच्छतेसाठी पाणी लागते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर तालुक्यांत नेमकी पाण्याचीच वानवा होती.

भारतीय वैद्यकाला पापण्यांचे रोग फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 रोग सांगितले आहेत आणि त्यांतले 21 पापण्यांचे आहेत. पापणी उलटवून तिचे अस्तर खरवडण्याची ‘लेखन’ ही क्रिया त्यात येते. खरवडण्याआधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने पापणी शेकायची, असा तिचा क्रम आहे. हा शेक उपचारांच्या पद्धती बदलल्या तरी टिकला. दिनचर्येतले अंजन आणि त्रिफळ्याच्या काढ्याने डोळे धुणे हे उपायही याच परंपरेतले.

बारामती-इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाचा सरासरी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी. मुंबई इलाख्यातील रयतवारीची नवी जमीन मोजणी आणि आकारणी गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यातूनच सुरू केली. त्या वेळी जुन्या आकारणीच्या ओझ्याने आणि नापिकीने तिथल्या पुष्कळ जमिनी ओसाड पडल्या होत्या. अशा मुलखात विहिरीचे पाणी शेंदून डोक्यावरून घरी आणायचे, तर त्यावर पहिला हक्क पिण्याचा, मग स्वयंपाकाचा, मग जनावरांचा. लहान मुलाचे तोंड दिवसातून दोन-तीनदा धुण्याइतके पाणी टंचाईच्या दिवसांत उरणे अवघड असते.

पाण्याच्या जोडीला धूर होता. शेणी, तुराट्या आणि कडब्याची धाटे जाळणारी चूल घरातच असे आणि धुराड्याविना धूर घरभर कोंडे. गोठा घराला लागून असल्याने माश्यांना तोटा नव्हता. खुपऱ्यांचा जंतू मुख्यतः तीन वाटांनी पसरतो: एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जाणारी बोटे, सामायिक कापड आणि माश्या. पदराच्या एकाच टोकाने सगळ्या पोरांची तोंडे पुसली गेली की पहिल्या दोन वाटा एका झटक्यात खुल्या होतात.

काजळाचेही तसेच. एरंडेल तेलाचा दिवा लावून त्याच्या ज्योतीवर तांब्याचे भांडे पालथे धरायचे, जमलेली काजळी खरवडून लोण्यात किंवा तुपात खलायची आणि डबीत भरून ठेवायची, अशी घरोघरची रीत. असे काजळ शिसे असलेल्या सुरम्याइतके घातक नव्हे. खरा धोका बोटाचा. एका मुलाच्या पापणीवरून फिरलेले बोट पुन्हा डबीत जाते आणि तिथून दुसऱ्या मुलाच्या डोळ्यात. शिवाय तुपकट काजळ पापणीच्या कडेवर साचले की तिथल्या तेलग्रंथींची तोंडे बुजतात.

1876-77 च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाची दैना केली. त्या काळात हाती घेतलेल्या कामांतून नीरा डावा कालवा आकाराला आला आणि 1885 च्या सुमारास त्याचे पाणी बारामतीच्या दिशेने वाहू लागले. भोरजवळचे भाटघर धरण त्याचा आधार. कालव्याने उसाचे मळे फुलले, गुळाची पेठ म्हणून बारामतीचे नाव झाले. पण हे पाणी मुळात शेतासाठी होते. उताराला निचरा नसलेल्या जमिनी पाणथळ होऊन खारवल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेतात पाणी मुबलक आणि घरात मात्र घागरीने मोजलेले, असा विरोधाभास कालव्याच्या पट्ट्यात बराच काळ राहिला.

उसाने डोळ्यांपुढे नव्या अडचणीही आणल्या. गुऱ्हाळात चुलवणात चिपाडे घालणाऱ्याच्या तोंडावर सतत झळ आणि धूर येतो, काहिलीवर वाकलेल्या गुळव्याच्या पापण्या वाफेने ओल्या राहतात. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात उभारलेला साखर कारखाना आणि त्याभोवतीचे वालचंदनगर, पुढे माळेगाव आणि भवानीनगरचे सहकारी कारखाने, यांमुळे हंगामात बाहेरून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची संख्या वाढली. कोपीत राहणाऱ्या या कुटुंबांना पाणी नेहमीच लांबून आणावे लागले. पाचटाचे पाते डोळ्याला लागून होणारी इजा आणि उसाची बारीक कुसे व धूळ हा त्यांच्या कामाचा भाग राहिला.

पाश्चात्त्य वैद्यकाने पापणीच्या दाहावर एकोणिसाव्या शतकात बोरिक पाण्याचे धुणे आणि पाऱ्याचे पिवळे मलम दिले. पापणीतील तेलग्रंथींचे वर्णन जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम याने 1666 मध्येच केले होते. खुपऱ्यांच्या जंतूच्या खुणा हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांना 1907 मध्ये जावा बेटावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, आणि चिनी शास्त्रज्ञ थांग फेइफान यांनी 1950 च्या दशकात तो जंतू प्रयोगशाळेत वाढवला. सल्फा औषधे आणि नंतर टेट्रासायक्लिनचे मलम आल्यावर खुपऱ्या बऱ्या करणे शक्य झाले.

भारत सरकारने 1963 मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. रोगाचा मोठा भार पंजाब, राजस्थान, गुजरात आणि उत्तर प्रदेशात होता, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. 1976 मध्ये हा कार्यक्रम राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावून घेतला गेला. नुसते मलम पुरत नाही हा अनुभव जगभर आल्याने जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात चार गोष्टींची जोड घातली: आत वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा. ऑक्टोबर 2024 मध्ये संघटनेने भारताला खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

याच काळात बारामती-इंदापूरचे पाणीही बदलले. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्यात शिरले. 1971 मध्ये अप्पासाहेब पवार यांनी स्थापलेल्या कृषी विकास ट्रस्टसारख्या संस्थांनी जिरायती भागात पाझर तलाव आणि ठिबक सिंचनाचा प्रसार केला. पाठोपाठ नळ योजना, शौचालये आणि गॅसच्या शेगड्या आल्या. 2019 मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

खुपऱ्या मागे पडल्यावर कडेचा दाह मात्र उरला. कोंडा, तेलकट त्वचा, पापणीच्या केसांत राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे आणि तासन्‌तास पडद्याकडे पाहण्याने कमी होणारी उघडझाप ही त्याची आजची कारणे. तो समूळ जात नाही, आटोक्यात राहतो. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके मिटल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी हलक्या बोटाने चोळावी, म्हणजे ग्रंथीत घट्ट झालेले तेल बाहेर येते. शेवटी ओल्या कापसाने केसांची मुळे पुसावीत, प्रत्येक डोळ्याला कापूस वेगळा. दाह असेपर्यंत हे दिवसातून दोनदा, ओसरल्यावर एकदा करावे. दाह पूर्ण ओसरेपर्यंत काजळ बंद ठेवावे. मध, आईचे दूध किंवा रुईचा चीक डोळ्यांत घालू नये. रुईच्या चिकाने तर बुबुळाला इजा होते. डोळा दुखू लागला, उजेड सोसेना किंवा नजर धूसर झाली तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. या साऱ्याला लागते ते तांब्याभर पाणी आणि घरातल्या प्रत्येकाचे वेगळे फडके.