सातबारा: एक जुना डेटाबेस

गेले तीन आठवडे ऑफिसात एकच वाद चालू आहे. सिस्टिम नव्याने लिहायची आहे, तर डेटाबेसमध्ये 'आजची स्थिती' साठवायची की 'झालेले बदल'? एक गट म्हणतो, टेबलात आजची किंमत ठेवा, जुनी पुसा, सुटसुटीत काम. दुसरा गट म्हणतो, काहीच पुसायचं नाही. प्रत्येक बदल क्रमाने लिहीत जायचा आणि आजची स्थिती त्यावरून काढायची. मी दुसऱ्या गटात. परवा वादाच्या भरात बोलून गेलो की हे आमच्या यवतमाळच्या पटवाऱ्याला कॉम्प्युटर यायच्या आधीपासून माहीत आहे. सगळे हसले. तस्मात हा लेख.

(आमच्याकडे तलाठ्याला अजूनही पटवारीच म्हणतात. २०२४ मध्ये सरकारने त्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. पण गावात "पटवारी आला का?" असंच विचारतात.)

मुळात माझ्या जिल्ह्याचं नावच एका नोंदवहीतून आलंय. ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या यादीत 'योत लोहारा' असा महाल आहे. लोहारा हे यवतमाळच्या पश्चिमेला लागून असलेलं गाव. यवतमाळमधला 'माळ' हा 'महाल'चा, म्हणजे महसुली विभागाचा अपभ्रंश, असं गॅझेटियर सांगतं. लहानपणी मला वाटायचं, माळरान आहे म्हणून माळ!

पण त्या काळच्या नोंदी गावाच्या किंवा महालाच्या एकूण रकमेच्या. कोणत्या शेताचा मालक कोण, ह्याच्याशी दिल्लीला काय देणंघेणं? पुढे निजामाच्या राज्यात तर वसुलीचे मक्तेच दिले जात. १८४०च्या दशकात वऱ्हाडातला मोठा मक्ता पेस्तनजी विकाजी ह्या पारशी पेढीकडे होता. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १८६०च्या दशकात इथे मुंबई पद्धतीची मोजणी सुरू झाली. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघांनी १८३५च्या सुमारास इंदापूरकडे बसवलेली. शेतावर साखळी टाकायची, सीमेवर दगड रोवायचे, आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर द्यायचा.

हा सर्व्हे नंबर म्हणजे काय चीज आहे, ते डेटाबेसवाल्यांना लगेच कळेल. मालक मरतो, विकतो, कर्जात बुडतो. नंबर तोच राहतो. वाटण्या झाल्या तर ४५चे ४५/१, ४५/२ होतात, पण ४५ कुठे जात नाही. माणसाच्या नावाला किल्ली न करता जमिनीला किल्ली केली, हा त्या मोजणीतला सगळ्यात शहाणा निर्णय.

आता मधली वर्षं भराभर सांगतो. जिल्ह्याचं नाव आधी 'वणी' होतं, १९०५ मध्ये ते यवतमाळ झालं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात. तेव्हा नव्या राज्याच्या पदरात तीन वेगवेगळे 'लेगसी' कायदे पडले: पश्चिम महाराष्ट्रात १८७९चा मुंबईचा, मराठवाड्यात हैदराबादचा १३१७ फसलीचा, आणि विदर्भात मध्यप्रदेशचा १९५४चा. तिघांचं मिळून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ झालं, अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून. ज्यांनी कधी दोन कंपन्यांचे डेटाबेस एकत्र केलेत त्यांनी क्षणभर हात जोडावेत.

ह्या चौकटीत गावात एकवीस नमुन्यांच्या वह्या. अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याचं महसुली हिशेबाचं मॅन्युअल त्यांचा आधार. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, दोन्ही एका कागदावर, म्हणून 'सातबारा'. ८-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन, म्हणजे सरळ दुसऱ्या कॉलमवर केलेला इंडेक्स. पण माझा आवडता नमुना ६, फेरफार.

जमिनीत काहीही बदल झाला, खरेदी, वारस, वाटणी, सोसायटीचा बोजा, तर सातबाऱ्याला हात लावायचा नाही. आधी फेरफार नोंदवहीत पुढचा क्रमांक घालून नोंद लिहायची. हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण ६-अ ह्या वेगळ्या वहीत, तिथे सुनावणी. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, आणि मगच सातबारा बदलणार. तोही कसा? जुनं नाव खोडायचं नाही. त्याला कंस करायचा, खाली नवं नाव लिहायचं आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाचं बोट धरून मागे मागे जाता येतं, पार पणजोबांपर्यंत. आधी लॉग, मग टेबल. आमच्या व्हाइटबोर्डवर तीन आठवड्यांत ह्याहून वेगळं काही उमटलेलं नाही :-)

गंमत संगणकीकरणात झाली. देशातल्या पहिल्या आठ पथदर्शी जिल्ह्यांत १९८८-८९ मध्ये आमचा शेजारी वर्धा होता. पुढे राज्यभर तालुक्या-तालुक्याला वेगळा डेटाबेस करून सातबारे टाइप केले गेले. म्हणजे टेबल आत गेलं, लॉग कपाटातच राहिला. परिणाम ओळखा. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळेनात: क्षेत्र चुकलं, कंसातली माणसं जिवंत झाली, जिवंत माणसं गळली. ते निस्तरायला २०१७ मध्ये चावडी वाचन झालं. गाव जमवून सातबारे मोठ्याने वाचायचे आणि चुका हुडकायच्या. मला विचाराल तर ह्या सबंध प्रकल्पातलं उत्तम टेस्टिंग हेच. मग १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे आले. असो.

इथवर मी वाद जिंकतोय असं दिसतं. पण गेल्या दिवाळीत गावी गेलो, आणि काकू सातबारा घेऊन माझ्यासमोर बसली.

काका २००९ मध्ये गेले. तेव्हापासून घरचं सहा एकर काकू पाहते. शिवाय शहरात राहणाऱ्या एकाचं तीन एकर ठेक्यानं करते. कपाशी, त्यात तुरीची ओळ. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "बाबू, तू कंप्युटरचं पाह्यतं नं? त्याच्यात माह्यं नाव कोठी हाय, सांग बरं."

कुठेच नव्हतं. सहा एकर आजोबांच्या नावावर. आजोबा १९९१ मध्ये वारले. ठेक्याचं तीन एकर अर्थातच मालकाच्या नावावर. नऊ एकर करणारी बाई दोन्ही कागदांवर शून्य.

म्हणून परत येऊन जुने हस्तलिखित सातबारे शोधले आणि नमुना १२ नीट वाचला. त्यात एक रकाना आहे: 'जमीन करणाऱ्याचे नाव'. शेजारी 'रीत', म्हणजे स्वतः करतो की दुसऱ्याकडून करवतो. म्हणजे मालक आणि कसणारा वेगळा असू शकतो, हे ही वह्या आखणाऱ्यांना ठाऊक होतं. स्कीमा बरोबर होता! मग रकान्यात वर्षानुवर्षं 'खुद्द'च का?

कारण त्या रकान्याला दात फुटले. विदर्भासाठी १९५८ मध्ये कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९६१ पासून कुळं जमिनीची मालक होऊ लागली. कायदा न्यायाचा होता, आणि ज्यांची नावं लागली होती त्यांचं भलं झालं. पण त्यानंतर कोणता मालक दुसऱ्याचं नाव तिथे लागू देईल? ठेका, बटई, मक्ता सगळं तोंडी झालं. ज्या रकान्यावरून हक्क ठरतो तो रकाना भरताना माणूस आधी परिणाम पाहतो. आपण व्हॅलिडेशन लिहितो ते टायपो पकडायला. असल्या मौनाला कोणतं व्हॅलिडेशन लावणार?

आणि हक्क त्याच कागदावरून ठरत राहिले. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, सगळ्याला सातबारा. यवतमाळचं नाव देशभर ज्या कारणाने गेलं ते सांगायला नको. त्या आत्महत्यांनंतर कुटुंबाला एक लाखाची मदत द्यायचा शासन निर्णय २००६चा. त्यातही जमीन मयताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी. निव्वळ ठेक्यानं कसणारा गेला तर तो ह्या डेटाबेसच्या लेखी शेतकरी नव्हताच. बायकांचं तेच. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली ती ह्याचसाठी, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून. १९९२ मध्ये सरकारनेही तशी सोय केली. आमच्या घरी ती पोचली नाही. आम्ही शिकलेली माणसं, आम्हीच पोचवली नाही.

२०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारस लावायची 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, तेव्हा काकूने अर्ज दिला होता. फेरफार पडला. पंधरा दिवसांच्या आत एका चुलत्याने हरकत घेतली. प्रकरण ६-अ मध्ये गेलं, तारखा चालू आहेत. मी ज्या यंत्रणेचं कौतुक करतोय ती अगदी नियमाप्रमाणे चालली आहे.

निघायच्या आदल्या दिवशी काकूसोबत शेतात गेलो. २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अॅपवर शेतकऱ्यानेच करायची असते. काकूला ठेक्याच्या तीन एकरांत शिरायचं कारण नव्हतं, त्याची नोंद मालक करतो. घरच्या शेतात ती कपाशीत उभी राहिली, मी फोन धरला. अॅपने 'खातेदार निवडा' म्हटलं. मी आजोबांचं नाव निवडलं, पीक कापूस टाकलं आणि फोटो काढला. फोटोत काकूचा हात आला म्हणून तिने तो मागे घेतला, आणि मी दुसरा काढला.