हालू नोका, भाऊ

आधी नाकानं आत शिरा. जळत्या पराट्यांचा धूर, बैलांच्या अंगाचा उबट वास, सरकीचा तेलकट दर्प. आता बघा. अकोल्याचा कापूस बाजार, 1925 च्या आसपासची पौषातली सकाळ. रात्रभर वाट तुडवून आलेल्या बंड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. जिनाचा भोंगा कानात घुसतोय, हवेत कापसाचे तंतू तरंगतायत, आणि तुमच्या गालावर वाढलेले खुंट खाजतायत. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव करायला लागले, की तुम्हाला जागचं हलता येणार नाही. दाढी आत्ताच उरकून घ्या.

कडुनिंबाखाली पोत्यावर बसा. न्हावी समोरच उकिडवा बसलाय, त्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना भिडलेत. धोकटीतून पितळेची वाटी निघते, आरसा तुमच्या हातात येतो. साबण नाहीच. गार पाण्यात बुडवलेली बोटं तो गालावर, हनुवटीवर, ओठाच्या वर चोळत राहतो. घाई करू नका. केस पाणी पिऊन मऊ झाले, तर वस्तऱ्याचं निम्मं काम इथंच होतं.

एक हात फिरवून मात्र तो थांबतो. ‘केस लय जाड हायेत बाप्पा तुमचे.’ धोकटीतून निसणा बाहेर येतो आणि दगडावर पाण्याचे थेंब पडतात. आता डोळे मिटू नका, बघण्यासारखं हेच आहे. वस्तरा तो आडवा, अगदी सपाट टेकवतो. जाड पाठ आणि पातळ धार, दोन्ही दगडाला लागलेल्या. म्हणजे कोन हातानं सांभाळायला नको, तो पाठच सांभाळते. धार पुढं करून तो पातं सरकवतो, टोकाशी आलं की पाठीवरच पालटतो आणि परत आणतो. खर्र, खर्र. दगडावर काळसर चिखल साचतो. शेवटच्या फेऱ्यांना तर बोटांचा जोर उरतच नाही, नुसतं पात्याचं वजन.

मग चामड्याचा पट्टा. एक टोक खोडाच्या खिळ्याला, दुसरं त्याच्या मुठीत, मधे ताण. इथं चाल उलटी, पाठ पुढं आणि धार मागं. चुकून धारेवर पालटलं, तर पट्टाच चिरायचा. फट्‌, फट्‌, फट्‌. आवाज एका लयीत येतो, आणि मागं उभे असलेले लोकही बोलायचे थांबतात. शेवटी तो पातं स्वतःच्या तळहातावर चार वेळा फिरवतो. त्या हाताचं कातडं बघा, पट्ट्याइतकंच गुळगुळीत झालंय.

‘रोज निसण्यावर घासलं त वस्तराच सरते,’ तो सांगतो. ‘चामड्यावर फिरवाव.’ खरं आहे. दाढीचे केस धारेची बारीक कड वाकवतात आणि चामडं ती पुन्हा सरळ करतं; दगड मात्र दर वेळी थोडं पोलाद खातो. त्याच्या हातातलं पातं किती अरुंद झालंय, पाहिलंत? वडिलांच्या वेळचं आहे ते. मला या माणसाच्या हातापेक्षा त्याचा संयम मोठा वाटतो. बाजाराच्या एवढ्या गर्दीतही त्यानं एक फेरी कमी केली नाही.

मनगटावरचा एक केस तो अलगद उडवून बघतो. अंगठ्यानं तुमचा गाल ताणतो. थंड पोलाद कानशिलाला टेकतं आणि बारीक करकर थेट हाडात ऐकू येते. ‘हालू नोका, भाऊ!’ शेजारची बैलजोडी मान झटकते, घुंगरं खळखळतात, तुम्ही श्वास धरता. वस्तरा गळ्यावरून खाली उतरलाही.

तुरटीचा खडा फिरतो. झोंबतंय ना? झोंबू द्या. तो पातं फडक्यानं कोरडं करतो, बोटानं तेलाचा हात देतो, कारण ओल राहिली की रात्रीत गंज धरतो. गावाकडं हिशेब सुगीला ज्वारीत चुकता होतो, बाजारात मात्र रोख द्यावी लागते. काढा पैसे आणि सरका बाजूला. मागं पातूरचा गडी कधीचा गाल खाजवतोय.